चालणं-पळणं-पोहणं-उडणं सोडून: प्राण्यांच्या वाकड्या चालींचा धागा (आधी मुंबईतलं, मग जगातलं)

भरती_ओहोटी

नमस्कार मंडळी. परवा ऑफिसच्या ग्रुपवर कोणीतरी वाळूवर कोलांट्या मारत पळणाऱ्या कोळ्याचा व्हिडिओ टाकला, आणि दोन मिनिटांत सगळ्यांनी ठरवून टाकलं की हा एआय आहे. तो कोळी खरा आहे, पण ते नंतर. त्यावरून वाटलं की असा एक धागा हवाच, चालणं पळणं पोहणं उडणं या नेहमीच्या चार खात्यांत जे बसत नाही ते सगळं इथे. अट एकच, आधी मुंबई-ठाणे-कोकणातलं सांगा, मग नामिबिया.

सुरुवात मीच करतो. निवटी. ठाणे खाडीत ओहोटीला चिखल उघडा पडला की कांदळवनाच्या कडेला नुसती वळवळ दिसते ती हीच. मासा आहे हो, शंभर टक्के मासा, पण पाण्याबाहेर चिखलावर हिंडतो. छातीजवळचे दोन्ही पर एकदम पुढे टाकायचे, त्यावर अंग उचलायचं, पुढे ढकलायचं, मागे शेपूट फरफटत. डावा-उजवा असं आलटून पालटून नाही, दोन्ही एकदम. त्या परांना दोन सांधे असतात, एक खांद्याशी आणि एक परातच, म्हणून हे जमतं. घाई असेल तर शेपूट वळवून असा झटका देतो की हातभर लांब जाऊन पडतो. श्वासाचं काय विचाराल तर कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी धरून ठेवतो आणि शिवाय ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवेतला ऑक्सिजन घेतो, म्हणून तर सारखा चिखलात लोळत असतो, कातडी सुकली की संपलं.

२०१६ साली ‘सायन्स’ या विज्ञानाच्या नियतकालिकात एक शोधनिबंध (पेपर) आला होता, निवटीची चाल बघून अमेरिकेत रोबॉट बनवला, सैल वाळूच्या चढावर सोडला. सपाटीवर शेपटीने फार फरक पडत नाही पण चढ वाढला आणि पायाखालची वाळू सुटायला लागली की शेपूट लागतेच. साधारण ३६ कोटी वर्षांपूर्वी जे पहिले चारपायी प्राणी जमिनीवर आले त्यांनीही शेपटीचा असाच वापर केला असेल, असा त्यांचा मुद्दा.

चला, येऊ द्या.

चिंबोरी_फ्राय

निवटीवर एवढं लिहिलंत आणि कालवणाचा उल्लेख नाही? निषेध!! 😄 आमच्याकडे वेसाव्यात अजून करतात, आणि पकडायची म्हणजे बिळात हात घालून, ज्याला जमतं त्यालाच जमतं. हातातून सुटली की चिखलावर टणाटण उड्या मारत जाते आणि तुम्ही गुडघाभर रुतलेले, बघत बसा.

माझा एक जुना प्रश्न. चिंबोरी आडवीच का चालते? लहानपणापासून विचारतेय, सगळे हसतात, उत्तर कोणी देत नाही.

प्राजक्ता_मास्तरीण

ताई, पायांच्या सांध्यांमुळे. अंग रुंद आणि चपटं, पाय दोन्ही बाजूंना, आणि त्या पायांचे मुख्य सांधे बिजागरीचे, बाजूच्या दिशेलाच उघडझाप करणारे. त्यामुळे आडवं पळताना पाय पूर्ण ताणता येतात आणि एकमेकांत अडकतही नाहीत. पुढे चालताच येत नाही असं नाही, हळू येतं. आणि सगळे खेकडे आडवे नाहीत, लांब पायांचे स्पायडर क्रॅब बरेचदा सरळ पुढे चालतात आणि ऑस्ट्रेलियातल्या चिखलावर सोल्जर क्रॅबचे थवेच्या थवे सरळ चालत जातात.

तुमच्या चिंबोरीचे शेवटचे दोन पाय बघा पुढच्या वेळी (कालवणात टाकायच्या आधी), टोकाला चपटे असतात. ती वल्ही. आडवी चालते आणि पोहतेही.

गिरगावकर_नाना

छान धागा, वाचतोय. पावसाळ्यात जुहूला आणि आमच्या गिरगाव चौपाटीवर त्या ब्लू बॉटल येतात, निळ्या फुग्यासारख्या, खाली लांब दोरे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये बऱ्याच लोकांना डंख झाले होते, पेपरात आलं होतं. आमच्या नातवाला ती हातात घ्यायची होती, वेळीच ओढला. ती कशी हलते?

प्राजक्ता_मास्तरीण

नाना, बरं केलंत ओढलात ते, किनाऱ्यावर मेलेली दिसली तरी डंख मारू शकते.

ती स्वतः पोहत नाही. मुळात तो एक प्राणीही नाही, वेगवेगळी कामं करणाऱ्या लहान जिवांची वसाहत आहे. वरचा फुगा म्हणजे गॅसची पिशवी, त्यात हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइड असतो आणि तो तिचं शरीरच तयार करतं. फुग्यावर एक तिरपी कड असते, ते तिचं शीड. आता गंमत अशी की काहींचं शीड डावीकडे झुकलेलं आणि काहींचं उजवीकडे, म्हणून एकाच वाऱ्यात एक गट वाऱ्याच्या एका बाजूला तिरका जातो आणि दुसरा दुसऱ्या बाजूला. एका वाऱ्याने सगळी फौज किनाऱ्यावर फेकली जात नाही, अर्धी समुद्रातच राहते.

गिरगावकर_नाना

म्हणजे वाहत जाते. मग हिला या धाग्यात घेऊ नका. वाऱ्यावर वाहत जाणं ही चाल झाली का? त्या हिशोबाने चौपाटीवरची प्लॅस्टिकची पिशवीपण चालते म्हणायची.

स्लो_लोकल

नानांना +१. जिवाने स्वतः काहीतरी केलं पाहिजे राव.

भरती_ओहोटी

अजिबात पटलं नाही. पिशवीला शीड कुठल्या कोनात लावायचं ते माहीत नसतं. शरीराची घडण म्हणजेच करणं की.

आणि कोळ्यांचं काय मग? लहान कोळी उंच काडीवर किंवा कठड्यावर चढतात, पायांच्या टोकावर उभे राहतात, पोट वर करतात, रेशमाचे बारीक धागे सोडतात आणि उडतात. बीगल जहाजावर डार्विनने १८३२ मध्ये हे पाहिलं, अर्जेंटिनाच्या किनाऱ्यापासून साठ मैल आत समुद्रात असताना जहाजाच्या दोरखंडांवर हजारो लालसर बारके कोळी येऊन उतरले. साठ मैल!

प्राजक्ता_मास्तरीण

यात पुढचा भाग जास्त भारी आहे. पूर्वी सगळे म्हणायचे वारा नेतो, पण अगदी वारा पडलेला असतानाही ते उडतात हे कोडं होतंच. २०१८ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या मॉर्ली आणि रॉबर्ट यांनी कोळी बंद पेटीत ठेवले, आत वारा शून्य, आणि फक्त विजेचं क्षेत्र चालू केलं, साधारण बाहेर वातावरणात असतं तेवढं. स्वच्छ हवेच्या दिवशीही जमिनीजवळ मीटरला शंभर-सव्वाशे व्होल्टचा फरक असतो, आपल्याला जाणवत नाही इतकंच. तर क्षेत्र चालू केल्यावर कोळी पायांच्या टोकांवर उभे राहिले, धागे सोडले, काही चक्क तरंगले. स्विच बंद केला की खाली यायचे. त्यांच्या पायांवर जे अतिसूक्ष्म केस असतात ते या क्षेत्रात हलतात, म्हणजे कोळ्याला ते कळतं.

म्हणजे नाना, कधी निघायचं हे तो ठरवतो. कुठे उतरायचं ते त्याच्या हातात नाही.

स्लो_लोकल

कधी चढायचं हातात आहे पण कुठे उतरायचं नाही म्हणजे आमची विरार फास्टच की, बोरिवलीला उतरायचं असतं आणि गर्दी नालासोपाऱ्याला सोडते. बरं, माझं मत बदललं, कोळी घ्या धाग्यात 😂

गिरगावकर_नाना

कोळी घ्या. ब्लू बॉटल नाही. डार्विनच्या जहाजावर आले त्यांना तिथेच यायचं होतं असं काही मी मानत नाही, पण निघणं त्यांचं स्वतःचं आहे एवढं मान्य.

झिल_सावंतवाडीचो

थांबा, माका पण लिवचा आसा. राहतो डोंबिवलीत पण बालपण तिकडे गेलं म्हणून आमच्याकडचे तीन सांगतो.

पहिलं फुरसं. कोकणात जांभ्या दगडाच्या सड्यावर भरपूर. नुसतं नागमोडी नाही जात, आडवं जातं. अंगाचा एखाददुसरा तुकडाच जमिनीला टेकलेला, बाकी वर उचललेलं, आणि ते टेकणं डोक्याकडून शेपटीकडे सरकत जातं. धुळीत त्याची खूण सलग रेघ नसते, एकमेकींना समांतर तिरक्या तुटक रेघा असतात. गरम आणि सैल जमिनीवर हे बरं पडतं, कमी टेकतं आणि घसरत नाही. जवळ जाऊन बघायच्या भानगडीत पडू नका, छोटं असलं तरी विष जबरी, आणि खवले घासून करवतीसारखा आवाज काढतं तेव्हा ते जा म्हणून सांगत असतं.

दुसरं देवगांडूळ. नाव गांडूळ पण आहे बेडकाच्या नात्यातलं, म्हणजे उभयचर, पाय नाहीत. पावसात माती उकरताना निघतं. त्याची चाल कोणी शास्त्रीय सांगेल तर बरं, मला एवढंच माहीत की कडक मातीत तोंड घुसवतं आणि बाहेरून अंग हलताना दिसतच नाही.

तिसरा आंबोलीचा उडता बेडूक. हिरवागार, बोटांमध्ये मोठे पडदे, झाडावरून झेप टाकतो आणि पडदे पसरून तिरका खाली येतो. पावसाळ्यात पाण्यावर वाकलेल्या फांदीवर फेसाचं घरटं करतो, पिल्लं खाली पाण्यात पडतात.

गड_आणि_वडापाव

उडण्यावरून आठवलं, शेकरू! आपला राज्यप्राणी, भीमाशंकरला पाहिलंय उडताना, एका झाडावरून थेट दुसऱ्यावर.

झिल_सावंतवाडीचो

भाऊ, शेकरू उडी मारतं, उडत नाही. त्याला पुढच्या-मागच्या पायांमध्ये कातडीचा पडदा नसतो. पडदा असते ती उडणारी खार वेगळी, सह्याद्रीत तीही आहे पण ती रात्री बाहेर पडते म्हणून फार जणांना दिसत नाही. तुम्ही दिवसा पाहिलंत ना? मग शेकरूच.

गड_आणि_वडापाव

वीस फूट उडी म्हणजे आमच्यासाठी उडणंच आहे ओ.

प्राजक्ता_मास्तरीण

देवगांडुळाचं सांगते, हा माझा फार आवडता विषय. त्याच्या पाठीचा कणा आणि स्नायू कातडीच्या आत मोकळे सरकू शकतात. म्हणजे बाहेरची कातडी बिळाच्या भिंतीला धरून स्थिर, आणि आतलं अंग पुढे. शिवाय शरीरभर तिरक्या वळ्यांनी गुंडाळलेले तंतू आहेत, स्नायू आवळले की पोकळीतल्या द्रवावर दाब येतो, अंग बारीक आणि लांब होतं आणि डोकं मातीत घुसतं. पाण्याच्या दाबावर चालणारं यंत्रच आहे ते. १९९७ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात मध्य अमेरिकेतल्या एका देवगांडुळावर मोजमाप आलं होतं, तेवढ्याच आकाराच्या बिळात राहणाऱ्या सापांच्या जवळपास दुप्पट जोर लावतं. झिल म्हणताहेत ना बाहेरून हलताना दिसत नाही, ते यामुळे.

फुरशासारख्या चालीवर २०१४ चा सायन्सचा पेपर शोधा. अमेरिकेतल्या वाळवंटी सापाला अटलांटाच्या झूमध्ये वाळूच्या उतारावर चढवलं. चढ वाढला की साप जास्त जोर लावत नाही, अंगाचा जास्त भाग वाळूला टेकवतो. तोपर्यंत कार्नेगी मेलन विद्यापीठाचा सापासारखा रोबॉट वाळूच्या चढावर घसरून पडत होता, त्याला ही युक्ती शिकवल्यावर तोही चढला.

भरती_ओहोटी

सापांचा विषय निघालाच आहे तर धाग्यातला माझा सर्वात लाडका किस्सा. सापांच्या चाली पुस्तकात चार: नागमोडी, आडवी (फुरसंवाली), आकुंचन-प्रसरणवाली म्हणजे अंगाच्या घड्या घालून अडकायचं आणि पुढे ताणायचं, आणि चौथी सरळ, जी अजगर आणि घोणस करतात, पोटाचे खवले धरत-सोडत सरळ रेषेत संथ सरकायचं. शंभर वर्षं हेच चार.

आता प्रशांत महासागरातलं ग्वाम बेट. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानातून तिथे तपकिरी झाडसाप पोचला, बेटावर त्याला खाणारं कोणी नव्हतं, त्याने जंगलातले जवळजवळ सगळे स्थानिक पक्षी संपवले. जे उरले त्यातल्या साळुंकीच्या नात्यातल्या एका पक्ष्यासाठी संशोधकांनी खांबावर घरटी लावली आणि खांबाला मध्ये गुळगुळीत जाड पत्र्याची नळी बसवली. हिशोब असा की झाडावर चढताना साप खोडाला दोन-तीन वेटोळे घालून चढतो, नळी एवढी जाड की तेवढे वेटोळे बसणारच नाहीत. मग कॅमेरा लावून बसले, तासन्‌तास काही नाही, आणि एका रात्रीच्या चित्रणात हे महाशय नळीला एकच मोठा वेढा घालतात, शेपटीचं टोक स्वतःच्याच अंगाला अडकवून फास पक्का करतात, आणि मग त्या फासातच छोट्या छोट्या वळ्या पुढे सरकवत वर. अतिशय हळू. घसरतो, थांबतो, धापा टाकतो, परत चढतो. जानेवारी २०२१ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’ नियतकालिकात आलं. पाचवी चाल! पक्षी वाचवायला गेले आणि सापाची नवी चाल सापडली. आता नळीची जाडी आणि आकार या हिशोबाने ठरवायला लागणार, म्हणजे कामही झालं.

स्लो_लोकल

हे वाचून झोप उडाली. आमच्या चाळीत पहिल्या मजल्यावर पाइपवरून साप आलेला, तो पण हेच करत होता का??

झिल_सावंतवाडीचो

नाही रे बाबा. आपल्याकडचा पाइप बारीक आणि भिंतीला लागून, मध्ये फट, क्लॅम्प, खडबडीत प्लास्टर. त्यात अंग अडकवत चढायला फास कशाला हवा. मुंबईत घरात बरेचदा निघतो तो कवड्या, बिनविषारी, पालींच्या मागे येतो आणि भिंतीच्या बारीक उंचवट्यांवरही चढतो. पण कवड्या आणि मण्यार लोक हमखास गोंधळतात, तेव्हा हात न लावता सर्पमित्राला बोलवा, ओळख तो पटवेल.

चिंबोरी_फ्राय

पालीचं कोणी लिहिलं नाही अजून. छताला उलटी कशी राहते ते शाळेत शिकलो, पायाला सक्शन असतं म्हणून.

प्राजक्ता_मास्तरीण

सक्शन नाही ताई, अजून काही पुस्तकांत तसं छापतात आणि मला राग येतो. चिकट द्रवही नाही. बोटांखाली लाखो सूक्ष्म केस, प्रत्येकाला पुढे शेकडो फाटे, ते पृष्ठभागाच्या इतक्या जवळ जातात की रेणूंमधलं व्हॅन डर वाल्स आकर्षण पुरतं. २००० मध्ये केलर ऑटमच्या गटाने एका केसाचा जोर मोजला. पाय सोडवताना पाल बोटं टोकाकडून उलटी गुंडाळत उचलते, बघा कधी नीट.

आणि पाल पाण्यावरही पळते! २०१८ चं अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचं काम, चपट्या शेपटीची आशियाई घरपाल. पाय पाण्यावर आपटते, पृष्ठताण वापरते, कातडीला पाणी धरत नाही, आणि शिवाय मागचं अंग-शेपूट सुसरीसारखं हलवते. सगळं थोडं थोडं एकत्र. पाण्यात साबण टाकून पृष्ठताण मोडला तर वेग बराच पडतो पण थांबत नाही.

अर्धवट_शास्त्रज्ञ

उशिरा आलो. पाण्यावरून उड्या मारत पळणारे बेडूकही राहिले, आपल्या प्रत्येक तळ्यात असतात, पवईला, आरेच्या डबक्यात, जवळ गेलं की टप टप टप करत पृष्ठभागावरून पळतात. २०२४ मध्ये अमेरिकेत तसल्याच एका छोट्या बेडकाचं (क्रिकेट फ्रॉग) हायस्पीड चित्रण केलं तर तो पाण्यावर पळतच नव्हता, प्रत्येक उडीनंतर पूर्ण बुडत होता आणि पाण्याखालून पुन्हा झेप घेत होता, डोळ्याला फक्त वरचा भाग दिसतो. आपल्या बेडकावर कोणीतरी असा कॅमेरा लावा रे.

माझा मुख्य प्रश्न: प्राण्यांना चाक का नाही? कोटीच्या कोटी वर्षं मिळाली.

भरती_ओहोटी

आता येतो त्या कोळ्यावर. दोन वेगळे आहेत आणि फॉरवर्डमध्ये हमखास एकत्र करतात. नामिबच्या वाळवंटातला सोनेरी कोळी, मागे गांधीलमाशी लागली की अंग गोळा करून टेकडीच्या उतारावरून गडगडत जातो. काम उताराचं, त्याचं नाही. (नाना, तुमच्यासाठी वादाला नवीन विषय.) दुसरा मोरोक्कोचा, बर्लिनच्या इंगो रेशेनबर्ग यांना सापडला, २०१४ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि नाव त्यांच्यावरूनच दिलं. हा उतारावर अवलंबून नाही, पायांनी रेटा देत कोलांट्या मारतो, सपाटीवर मारतो, चढावरही मारतो. नुसतं पळताना सेकंदाला एक मीटर, कोलांट्या मारत दोन मीटर. फार दमवणारं काम आहे, म्हणून जिवावर बेतलं तरच करतो. ऑफिसच्या ग्रुपवरचा व्हिडिओ याचाच होता.

पण हे दोघंही अख्खे गडगडतात. अंगाला जोडलेलं आणि मोकळं फिरणारं चाक हवं तर रक्तवाहिन्या आणि नसा त्याच्यात न्यायच्या कशा, पिळून तुटतील.

प्राजक्ता_मास्तरीण

आणि तरी मोकळी फिरणारी गोष्ट जिवात आहे! आपल्या आतड्यातला ई. कोलाय हा जिवाणू. त्याचं शेपूट चाबकासारखं हलत नाही, बुडाशी असलेल्या मोटरवर गोल गोल फिरतं, सेकंदाला शंभरच्या आसपास फेरे, आणि उलटंही फिरतं. १९७३ मध्ये हॉवर्ड बर्ग आणि अँडरसन यांनी हे मांडलं. एवढ्या लहान आकारात रक्तवाहिनी लागतच नाही, म्हणून अडचण नाही.

गिरगावकर_नाना

हे मस्त. पोटात मोटर. नामिबचा कोळी मात्र मला संशयास्पद वाटतो, पण निदान अंग गोळा तरी स्वतः करतो, चालेल.

झिल_सावंतवाडीचो

ऑक्टोपस राहिला ना. आठही हातांवर सरपटतो ते माहीत आहे, पण दोन हातांवर उभा राहून मागे मागे चालतो. २००५ चा सायन्सचा पेपर, इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलियातल्या दोन जाती. एक बाकीचे सहा हात गुंडाळून नारळ झाल्याचं सोंग घेतो, दुसरा हात वर करून शेवाळ होतो, आणि त्या सोंगातच पळ काढतो. पाण्याचा फवारा मारून सुसाट पळाला असता तर वेश गेला असता ना.

अर्धवट_शास्त्रज्ञ

मुंबईत ऑक्टोपस दिसतो का किनाऱ्यावर? मला हे सगळं मोबाइलवर नाही, डोळ्याने बघायचंय. मुलीलाही न्यायचंय, सातवीत आहे.

भरती_ओहोटी

दिसतो. हाजी अलीच्या आसपास खडकाळ भागात ओहोटीला डबकी राहतात त्यात. मरीन लाइफ ऑफ मुंबईवाले २०१७ पासून किनारफेऱ्या काढतात, त्यांच्याबरोबर पहिल्यांदा जा, कुठे पाय ठेवायचा ते कळतं. तारामासा मिळाला तर काचेच्या भांड्यात पाणी घालून खालून बघायला सांगा त्यांना, शेकडो नळीपाय दिसतात, तेही पाण्याच्या दाबावरच चालतात. निवटीसाठी ऐरोलीचं जैवविविधता केंद्र सोपं, लाकडी वाटेवरून दिसतात, कपडे खराब होत नाहीत.

वेळ: अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे मोठी ओहोटी, आणि मुंबईत त्या दिवसांत ती साधारण सकाळी सहा-सात नि संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास येते. सकाळची धरा. तक्ता बघूनच निघा.

चिंबोरी_फ्राय

आणि ओहोटीच्या आधी तासभर पोचा, ओहोटी झाल्यावर नाही, पाणी परत भरायला लागलं की मागे वळून बघायलाही वेळ मिळत नाही. चप्पल नको, जुने बूट घाला, कालवांच्या शिंपल्या तळवा कापतात. दगड उचललात तर जसा होता तसाच परत ठेवा, त्याच्या खाली राहणाऱ्यांना ऊन सहन होत नाही. आणि मुलीला सांगा, चिखलात निवटीच्या मागे धावायचं नाही, ती रुतणार नाही, तुम्ही रुताल.